विश्वासणाऱ्याचं तारण जाऊ शकतं का? पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो का?

सलाम. तुमचा प्रश्न असा की, बाप्तिस्म्यानंतर दारूच्या नादात काही वर्षं चर्च सुटलं, आता परत यायचंय, पण प्रार्थनागटातले एक ब्रदर बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा 6 वा अध्याय दाखवून म्हणतात, "तुझं तारण (पापापासून मिळालेली सुटका) गेलं, पुन्हा बाप्तिस्मा घे."

त्यांचाच अध्याय उघडू. 4 ते 6 या वचनांत लिहिलंय की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे वाटेकरी झाले आणि मग पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. अवघड नाही, अशक्य. म्हणजे या वचनाच्या हिशेबानं तुमचं तारण गेलंच असेल, तर दहा वेळा पाण्यात बुडवून काढलं तरी उपयोग नाही. आणि परत येता येत असेल, तर हे वचन तुमच्यासाठी नाही. ब्रदरांना दोन्ही हवंय!

हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांची मालमत्ता ख्रिस्तामुळे लुटली गेली होती (10:34). छळाला कंटाळून ख्रिस्ताचं नावच टाकून द्यायचा मोह त्यांच्यापुढे होता. दारूचं पाप लहान असं मी म्हणत नाही, पण तुम्ही ख्रिस्ताला नाकारलेलं नाही; नाकारलं असतं तर हा प्रश्न विचारत बसला नसता. शिवाय 9 वं वचन बघा: तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे, असं लेखक तिथेच म्हणतो. धाक घालणारे नेमके 6 व्या वचनावर थांबतात.

आता मूळ प्रश्न. यावर मंडळ्यांचं एकमत कधीच नव्हतं. 1618-19 साली हॉलंडमधल्या डॉर्ट इथं भरलेली रिफॉर्म्ड मंडळ्यांची धर्मसभा म्हणाली, देवाचे खरे निवडलेले शेवटपर्यंत राखले जातात. पण दावीद आणि पेत्रासारखे ते वाईट पडू शकतात, हेही तिनं लिहून ठेवलं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या मते विश्वास सोडला तर तारण जाऊ शकतं. कॅथलिक म्हणतात, प्राणघातक (म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर) पापानं कृपा जाते, पापनिवेदनानं परत मिळते. पण पडलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा द्या, असं या तिघांपैकी कुणीच म्हणत नाही. 250 साली रोमन बादशहा डेसियसच्या छळात कित्येक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवांना बळी वाहिले. पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेनं त्यांना परत घ्यायचं ठरवलं ते प्रायश्चित्त करवून. बाप्तिस्मा पुन्हा दिला नाही.

आमच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे साधारण डॉर्टच्या बाजूच्या, वळणाची माणसं आणि मेथडिस्ट घरातून सून म्हणून आलेल्या बायका एकाच बाकावर बसतात. 1970 साली अनेक मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा अमेरिकन मेथडिस्ट मंडळी तिच्यात आली नाही, तरी बाक एकच. या मुद्द्यावर त्यांच्यात भांडण झालेलं मी तरी पाहिलं नाही (भांडणं होतात ती कमिटीच्या निवडणुकीवरून). माझा स्वतःचा कल योहान 10:28 कडे: मेंढरांना येशूच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. पण म्हणून "तारण झालंय, आता काहीही करा" म्हणणाऱ्यानं रोमकरांस पत्राचा 6 वा अध्याय वाचावा (कृपा आहे म्हणून पाप करत राहायचं नाही, असं तो सांगतो).

मिल बंद पडल्यावर दारूला लागलेले एक काका आमच्याकडे परत आले, तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाचं (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं) ताट आलं की मान खाली घालून शेजाऱ्याकडे सरकवायचे. पाळकांनी त्यांना घरी बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, प्रार्थना केली. पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी भाकर घेतली. नंतरही ते एकदोनदा घसरले. तेव्हाही कुणी त्यांना बाप्तिस्म्याच्या हौदाकडे नेलं नाही.

तुम्हीही ब्रदरांशी वाद घालत बसू नका, आपल्या पाळकांना भेटा. दारू अजून सुटली नसेल तर तेही सांगा, आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. फक्त सोमवारी फोन करू नका, बहुतेक पाळकांचा तो सुट्टीचा दिवस असतो.