वाचकांचे प्रश्न : स्कूटीपुरतं नको, गिअरचंच लायसन्स काढ

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३. शेजारच्या गावी आरोग्य उपकेंद्रात काम लागलंय. एसटीची वेळ जुळत नाही, रोज कुणाला तरी 'सोडता का' म्हणायचं जिवावर येतं. सायकल येते, मोटारसायकल कधी चालवली नाही. घरी दादाची गाडी आहे, वडील पुढं-मागं स्कूटी घेऊ म्हणतात. ओळखीचा एजंट म्हणतो, विनागिअरचं लायसन्स काढा, सोपं पडतं, परीक्षेचं आम्ही बघतो. आणि चाचणीत गाडीनं तो 'आठ'चा आकडा काढायचा म्हणतात, त्याची मला फार धास्ती आहे. काय करू?
— एक वाचक भगिनी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : अगं, आधी त्या एजंटला नाही म्हण. लातुरात मी बायका-मुलींना गाडी शिकवते, आणि तुझ्यासारख्या जवळपास प्रत्येकीला हाच सल्ला मिळालेला असतो : 'तुम्हाला काय करायचंय गिअर?' करायचंय! दादाची गाडी घरात उभी आहे, स्कूटी अजून यायचीय. विनागिअरचं लायसन्स खिशात ठेवून गिअरची गाडी चालवलीस तर कायद्यानं ते विनापरवानाच. त्याचा दंड ५,००० रुपये. दंडाचं एक वेळ सोड, पण अपघात झाला तर समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीमालकाकडून, म्हणजे तुझ्या दादाकडून, वसूल करू शकते.

उलट मोटार वाहन कायद्यात स्पष्ट लिहिलंय की गिअरच्या मोटारसायकलवर चाचणी पास झालेला माणूस विनागिअरचीही चाचणी पास झाला असं धरायचं. एका चाचणीत दोन्ही. स्कूटी आली तरी तेच लायसन्स चालतं.

आता रीत. पहिलं लर्निंग. परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज करायचा. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. त्यासाठी आधारला तुझाच मोबाइल नंबर जोडलेला हवा. आपल्याकडं बायकांच्या आधारला सर्रास भावाचा नाहीतर नवऱ्याचा नंबर असतो, आणि ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. तुझं तसं असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घे.

परीक्षेत १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. चिन्हं आणि रस्त्याचे नियम. 'आम्ही बघतो' म्हणजे तुझ्या जागी दुसराच कुणीतरी उत्तरं देणार. तसं करू नको, पोरी. अरुंद पुलाची पाटी कुठली आणि पुढं वळण असल्याची कुठली, हे त्याला कळून तुला काय उपयोग? औसा रोडला तू असणार आहेस, तो नाही.

फी केंद्राच्या नियमात ठरलेली आहे : लर्निंगचे १५० आणि परीक्षेचे ५०, पुढं पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. त्यावर थोडाफार आकार लागला तरी एजंट हजारांत का बोलतो ते तूच बघ.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लाव. मागं बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याकडं पक्कं लायसन्स हवं. मैत्रिणीला डबलसीट नेणं या काळात नाही म्हणजे नाही.

हे ३० दिवस लोक वाट बघण्यात घालवतात. तू शिकण्यात घाल. सुरुवातीला इंजिन बंद ठेवूनच गाडी हाताळ. ढकलून ने, मागं घे, डबल स्टँडवर लाव, उतरव. शंभर किलोच्या वरचं धूड एकदा हाताला कळलं की निम्मी भीती जाते. बाजारतळ असेल तर बाजाराचा दिवस सोडून तिथं जा, नाहीतर शाळा सुटल्यावर मैदानावर. दादाला गिअरची पद्धत विचार, कारण काही गाड्यांचे सगळे गिअर पुढं दाबून पडतात, काहींचा पहिला पुढं आणि बाकीचे उलट.

मग क्लच. तुझा 'आठ' सगळा डाव्या हाताच्या चार बोटांत आहे. क्लच पूर्ण दाबून वळलीस तर चाकाला ओढ राहत नाही आणि गाडी आडवी व्हायला बघते. एकदम सोडलास तर झटका देऊन बंद पडते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, जिथं इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि गाडी आपणहून पुढं सरकू लागते. तोच हाफ क्लच. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली ठेवून, नुसती ती जागा शोधत बस. सापडली की पाय वर घे आणि चालत्या माणसाच्या वेगानं गाडी ने. बारीकसा रेस कायम, उजव्या पायानं मागचा ब्रेक अगदी हलका. वळणात पुढचा ब्रेक धरू नको, हँडल वळलेलं असताना तोच पाडतो.

दोन विटा लांब ठेवून त्यांच्याभोवती आधी मोठे गोल घाल, मग आठ, मग विटा जवळ आण. नजर विटेवर ठेवू नको. जिकडं निघायचंय तिकडं मान वळव, हात आपोआप मागं येतात. गुडघे टाकीला चिकटलेले, खांदे सैल. ज्या मुली घाबरतात त्या हँडल आवळून धरतात आणि तिथंच अडकतात. सायकलचा तोल तुझ्याकडं आहेच, फक्त क्लचची सवय लागायचीय.

चाचणीला दादाची गाडी चालते. आरसी, विमा आणि पीयूसी चालू तारखेचं असू दे. आयएसआय हेल्मेट, पायात बूट, ओढणी गाठ मारून आत खोचलेली. आरसे बसवून घे, गावाकडं ते काढूनच टाकतात. हाताचे इशारेही येऊ देत. आठ काढताना पाय टेकवू नको. नापास झालीस तर सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालीस तरच ६० दिवस थांबावं लागतं. लातूरचं आरटीओ कार्यालय तुला जवळ आहे, तालुक्याच्या ठिकाणी कॅम्प लागतो का तेही विचार. तिशीच्या आतलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, म्हणजे मोठी सोय.

एक गोष्ट चाचणीत विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. सुगीत आपल्याकडं सोयाबीन रस्त्यावर वाळत घालतात. त्यावरून गाडी गेली की दाणे चाकाखाली फिरतात. तिथं ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग कमी करून हँडल सरळ ठेवून निघायचं. आणि कारखाने सुरू झाले की अंधारात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. तुझी ड्यूटी उशिरा सुटत असेल तर पहिले काही महिने उजेडातच परत ये, वाटल्यास तसं वरिष्ठांशी बोलून घे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे, शिकवणीसाठी रोज गावाहून लातूरला येतो. १६ पूर्ण झाले. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं ऐकलं. स्कूटर घेऊन द्यावी का?
— एक पालक, जि. लातूर

उत्तर : भाऊ, देऊ नका. सोळाव्या वर्षीचं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीसाठी असतं, तेही पालकांच्या संमतीनं. आज दुकानात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्याच. १८ च्या आत मुलानं ती चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. शिकवणी चौकांत सकाळ-संध्याकाळ ही पोरं तिघं-तिघं बसून जाताना बघते, तेव्हा माझ्या काळजात धस्स होतं.

एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, तो काढा. बॅटरीची गाडी घ्यायचीच असेल तर ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणारी आणि २५० वॅटच्या आतली गाडीच लायसन्समधून सुटते. दुकानदार सगळ्यांनाच 'याला काही लागत नाही' म्हणतो. त्याला त्या मॉडेलचं मान्यता प्रमाणपत्र दाखवायला सांगा. दाखवलं नाही तर ती गाडी घेऊ नका. दाखवलं आणि घेतलीत, तर हेल्मेट त्याच दिवशी घ्या.