शाळेचा अभ्यासक्रम नेमका ठरवतं कोण आणि कसा?

तुमचा प्रश्न होता, की पुस्तक आधी ठरतं की अभ्यासक्रम. पुस्तक सगळ्यात शेवटी येतं, आणि ही गोष्ट पालकांना कुणी सांगतच नाही!

सुरुवात अभ्यासक्रम आराखड्यापासून होते, म्हणजे काय आणि कशासाठी शिकवायचं याची मोठी चौकट. देशपातळीवर २००५चा राष्ट्रीय आराखडा होता, नंतर २०२३चा आला. त्याच्या आधारे आपल्या राज्याचा आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. मसुद्यावर सूचना-हरकती मागवल्या जातात. त्या जरूर पाठवा, पालकांनीसुद्धा.

मग ठरतात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवं. माझ्या मते हाच गाभा. ‘अपूर्णांक शिकवले’ आणि ‘मुलगी चार वड्या तिघांत सारख्या वाटू शकते’ यांत फार अंतर आहे. त्यावरून पाठ्यक्रम, म्हणजे इयत्तावार विषयांतल्या घटकांची मांडणी, आखला जातो, नंतर विषय समित्या बसतात आणि बालभारती पुस्तकं काढते.

खरी कसोटी वर्गात लागते. मुंबईत महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ अशा कितीतरी माध्यमांत चालतात. नांगरणीचा धडा धारावीतल्या मुलांना शिकवताना मी आधी तिथल्याच कुंभारवाड्यातल्या, कुंभारांच्या वस्तीतल्या, मातीपासून सुरुवात करते. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठ टाचण (एकेका तासाची लेखी तयारी) हे म्हणूनच निव्वळ कागद नाहीत. अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग शिक्षकच लिहितात.