सातवीतल्या मुलीने चार मिनिटांत कोणत्या गोमंतकीय स्त्रीचं चरित्र सांगावं?

शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकर. निवडीचं उत्तर एवढंच. पण शाळेच्या स्पर्धेसाठी 'संपूर्ण जीवनपट' 4 मिनिटांत कसा बसवायचा, असंही तुम्ही विचारलंय. तो बसवूच नका. 4 मिनिटं म्हणजे मुलांच्या बोलण्याच्या वेगाने जेमतेम 400 शब्द. त्यात जन्म, शिक्षण, पुरस्कार, निधन सगळं कोंबलं की बाई हरवते आणि सनावळी उरते.

सुरुवात 1914 पासून करा. मोगू 10 वर्षांची आहे आणि तिची आई, जयश्रीबाई, नुकतीच वारली आहे. हिला गाण्याला लावलं ते याच आईने. ऐकणारी मुलं साधारण त्याच वयाची, त्यामुळे वर्ग इथेच शांत होतो. पुढे नाटक कंपनी, ती दोन वाक्यांत उरका. मग सांगली. मोगू खोलीत रियाज करतेय. उपचारांसाठी सांगलीत आलेले मोठे गवई अल्लादिया खाँ बाहेरून जाताना तो आवाज ऐकतात, थांबतात आणि आत येतात. या प्रसंगाला पूर्ण 1 मिनिट द्या. इथे मुलीने हात हलवू नयेत, आवाज चढवू नये. 'थांबतात' म्हणून स्वतः दोन सेकंद थांबावं, बस्स.

बहुतेक भाषणं इथून थेट 'आणि मग त्या महान गायिका झाल्या' वर उडी मारतात. खरी गोष्ट तर याच्या पुढे आहे. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई मागोमाग गेल्या, पण सांगलीत सुरू झालेली खाँसाहेबांकडची तालीम तिथे सुरू राहिली नाही. मग आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, नंतर अल्लादिया खाँचे भाऊ हैदर खाँ, असं दार बदलत शिकणं चाललं. खुद्द अल्लादिया खाँनी गंडा बांधला तो 1934 साली. आई गेल्याला तोवर 20 वर्षं झाली होती. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा दोरा, हे सांगायला विसरू नका, मुलांना तो माहीत नसतो.

आता ज्यावरून माझं शिक्षकांशी आणि परीक्षकांशी कायम वाजतं ते. 'कलावंत समाजाचा उल्लेख नको, मुलं लहान आहेत' म्हणून ती ओळ कापली जाते, आणि तिच्या जागी येतं 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून'. कुठली परिस्थिती? पूर येऊन गेला होता का? अडथळ्याचं नाव गाळलं की जिद्द पोकळ वाटते. सातवीच्या मुलीला असं सांगता येतं: "देवळात गाणं-नाचणं करणाऱ्या बायकांचं गाणं लोक आवडीने ऐकायचे, पण त्यांना बरोबरीने वागवायचे नाहीत. मोगू अशाच घरातली." यात लाजण्यासारखं काही असेल तर ते लोकांच्या वागण्यात आहे, मोगूबाईंच्या जन्मात नाही.

पाठांतर शब्दशः करून घेऊ नका. एक विशेषण विसरलं की मूल अडकतं आणि पुढचं सगळं जातं. चार सुट्या कागदांवर चार शब्द लिहा: आई, कंपनी, सांगली, मुंबई. त्यावरून रोज स्वतःच्या शब्दांत सांगू दे, पाच-सहा दिवसांत बसतं. सनं दोनच, 1914 आणि 1934. पद्मभूषण शेवटी एका वाक्यात. शेवट कुर्डीवर करा: साळावली धरणाखाली गेलेलं त्यांचं गाव, मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात.

स्पर्धेच्या नियमात जन्म-मृत्यूची तारीख सक्तीची असेल तर मात्र एक ओळ घालावीच लागेल: 15 जुलै 1904 ते 10 फेब्रुवारी 2001. आणि मुलीला गाण्याची अजिबात गोडी नसेल तर मोगूबाई लादू नका. गोवा मुक्तिलढ्यातल्या लिबिया लोबो सरदेसाई घ्या. 1955 ते 1961, जंगलातून चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र, आणि गोवा मुक्त झाल्यावर विमानातून ध्वनिक्षेपकावर केलेली घोषणा. तिथेही सुरुवात जन्मापासून नको, जंगलापासून.