पुण्यात योगा क्लास लावताना शिक्षकाचं बॅकग्राउंड किती बघावं? तुम्ही स्वतः कुठे शिकलात आणि कसं शिकवता?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की हिंजवडीला दिवसभर बसून काम असतं, कंबर धरते, कोथरूडमध्ये क्लास शोधताय आणि जो तो स्वतःला सर्टिफाइड म्हणवतो तर नक्की बघायचं काय. मी कोथरूडमध्येच शिकवते म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

आधी माझं सांगून टाकते. बी.कॉम., मग बरीच वर्षं एका कंपनीत अकाउंट्सला, म्हणजे तुमच्यासारखीच खुर्चीत आखडलेली कंबर. आयंगार पद्धतीने शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायला लागले ते निव्वळ कंबरेसाठी, शिक्षिका वगैरे व्हायचं डोक्यातही नव्हतं. मग लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत कोर्स केला, केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली, मुलगी जरा मोठी झाल्यावर नोकरी सोडली. कागद एवढेच.

पण पुण्यात राहून योग शिकणं ही खरंच चैन आहे हो. एकीकडे स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४ला लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया करताना शरीरातला दाब किती बदलतो हे यंत्र लावून मोजायला घेतलं, त्या काळात! आणि दुसरीकडे बी. के. एस. आयंगार, १९३७ला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले, तेव्हा विशी पण गाठली नव्हती, सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि २०१४ला गेले तोपर्यंत पुण्याचेच राहिले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ची, भिंतीला दोर, विटा, पट्टे, लोड, खुर्च्या हा सगळा संसार जगभर गेला तो इथून. माझ्यावर दोन्हीकडचं आहे. कोणी म्हणालं की अमुक आसनाने शुगर जाते तर मी आधी "कशावरून?" विचारते, हे लोणावळ्याचं. आणि समोरच्याकडे बघत राहायचं, हे आमच्या बाईंचं.

या बघण्यावरच माझी सगळी शिकवण्याची पद्धत उभी आहे. वर्गात मी आसन एकदा करून दाखवते आणि मग उठून फिरते. बऱ्याच क्लासमध्ये सर किंवा मॅडम पुढे मॅट टाकून तासभर स्वतःच करत असतात, आपण त्यांच्याकडे बघून करायचं. अहो पण मग तुमच्याकडे कोण बघणार? घाम येतो, बरं वाटतं, व्यायाम म्हणून ठीक आहे, पण कंबर दुखणाऱ्याने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण त्रिकोणासनाचं घ्या, म्हणजे पाय फाकवून बाजूला वाकायचं आणि एक हात खाली न्यायचा. नवीन माणसाला वाटतं हात जमिनीला लागला की आसन झालं. हात लागतो, पण कसा, तर पुढचा गुडघा ढिला पडतो, छाती खाली वळते, मागच्या पायाची बाहेरची कड उचललेली, श्वास धरून ठेवलेला, आणि चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचा आनंद! अशा वेळी मी हाताखाली वीट देते, तरी नाही जमलं तर खुर्ची. उंची मिळाली की पाय सरळ राहतो, पाठ लांब होते, छाती उघडते. आयटीतल्या मुलांना वीट घ्यायची लाज वाटते, शेजारची सत्तरीची आजी बिनधास्त घेते आणि तिचं त्रिकोणासन त्यांच्यापेक्षा सुरेख दिसतं.

दिवसभर बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागचे स्नायू इतके आखडलेले असतात की पुढे वाकायला सांगितलं की ते मांडीच्या सांध्यातून न वाकता कंबरेतून गोल होतात, म्हणजे जिथे दुखतं तिथेच ताण. म्हणून माझ्याकडे सुरुवातीला पायाचे अंगठे धरणं बंद. भिंतीवर नाहीतर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात टेकवायचे, पाय मागे न्यायचे, पाठ सपाट ठेवायची, बस्स. घरी वेगळं सामान पण लागत नाही, पट्ट्याऐवजी जुनी ओढणी चालते, ब्लँकेट म्हणून सोलापुरी चादर तर एक नंबर, घडी घट्ट बसते.

हात लावून दुरुस्ती करायची तर आधी विचारते. फॉर्मवर बीपी, काचबिंदू, हर्निया, ऑपरेशन, प्रेग्नन्सी सगळं लिहून घेते, कारण काचबिंदू असलेल्याला डोकं खाली करायला लावणं हा खेळ नाहीये. आणि कंबरदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी ऑर्थोपेडिककडे जा, मग माझ्याकडे. हे तुम्हालाही लागू आहे बरं का.

कपालभातीचं सगळेच विचारतात, "मॅडम रोज किती मिनिटं?" हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मात येते, म्हणजे शुद्धिक्रियेत, प्राणायामात नाही. बीपी आणि हर्नियावाल्यांना मी देत नाही. प्राणायाम तर पतंजलींनीसुद्धा आसनानंतर ठेवलाय, "तस्मिन् सति", म्हणजे आसन साधल्यावर, म्हणून, आणि ज्याला दहा मिनिटं ताठ बसता येत नाही त्याला श्वास कोंडायला लावून काय मिळणार? नवीन लोकांना मी उताणं झोपवून, पाठीखाली चादरीची घडी ठेवून नुसता श्वास बघायला लावते. कंटाळतात, काही जण सोडूनही जातात, जाऊ देत.

आता सर्टिफिकेट. शिक्षक होण्याचा २०० तासांचा कोर्स निवासी असला तर महिन्याभरात होतो, त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून एवढंच कळतं की माणूस तेवढे तास बसला. बोर्डाच्या परीक्षेत निदान थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही घेतात. मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं की तुम्ही कोणाकडे शिकलात आणि अजून शिकायला जाता का. मी अजूनही आठवड्यातून एकदा बाईंच्या वर्गात मागच्या रांगेत असते आणि अजूनही ओरडा खाते.

डेमो क्लास मागा, कोथरूडमध्ये बहुतेक जण देतात. मुद्दाम मागे उभे राहा. जे आसन जमणार नाही तिथे सरळ सांगा की जमत नाहीये, आणि शिक्षक काय करतो बघा. "सरावाने येईल" म्हणून पुढे गेला तर दुसरा क्लास बघा. तुमच्याजवळ येऊन पाय कुठे ठेवलाय हे बघितलं, काहीतरी बदलून दिलं, तर फी भरायला हरकत नाही, भले त्याच्याकडे फ्रेम केलेलं काहीही नसो. बॅच मात्र सकाळची घ्या, हिंजवडीहून संध्याकाळी सातला कोथरूड गाठणं तुमच्याच्याने होणार नाही, आणि पोट रिकामं ठेवून जा, चहा झाला असेल तर चालतो.