सेवा थोडी कमी करा

प्रश्न: आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मिरगाच्या सुमारास बाबांच्या (वय ६७) अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय गेला, बोलणंही अडखळतं. बारा दिवस बेळगावात दवाखान्यात होते. मी न्यू जर्सीहून धावत आलो, दिवसभर आयसीयूबाहेर बसायचो, आणि ते घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला परतावं लागलं. घरी आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको आहे. आई त्यांची सेवा फार मनापासून करते, जागचं हलू देत नाही. व्हिडिओ कॉलवर मला बघितलं की बाबा रडायला लागतात. इथून बॅटरीवर चालणारी चांगली व्हीलचेअर पाठवावी म्हणतो. की त्यांना इकडेच आणून उपचार करावेत?

उत्तर: व्हीलचेअर पाठवू नका. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण त्या बाजूची घरं पाहिली आहेत. पुढे दगडी पायऱ्या, मग पडवी, मग उंच उंबरठा, मागे परसू आणि परसाच्या टोकाला संडास. जुलैत त्या वाटेवर शेवाळ. बॅटरीची खुर्ची पडवीच्या पुढे जाणार नाही. अशीच एक परदेशातून आलेली खुर्ची मी एका घरी पाहिली होती, तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

पत्रातलं तुमचं एक वाक्य मला जास्त टोचलं: आई जागचं हलू देत नाही. मी सत्तावीस वर्षं बेळगावात फिजिओथेरपी करते आहे, आणि पेशंट मागे राहण्याचं जे कारण मी सगळ्यात जास्त घरांत पाहिलं, ते हेच. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला काही करू न देणं. पाणी तोंडाशी, घास तोंडात, कूस बदलायला दोघं जण. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, आणि तो शिकतो फक्त करून, तेही शेकडो वेळा करून. हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होतं. नंतर वेग मंदावतो, थांबत नाही. तुमच्या बाबांचे तीन महिने साधारण गणपतीच्या आसपास भरतील. म्हणून आईला माझं नाव सांगून सांगा: सेवा थोडी कमी करा.

आता जेवणाचं. उजवा हात गेलेल्या माणसाची आपल्याकडे एक अडचण असते, ती कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सांगत नाहीत. डाव्या हाताने जेवायची लाज. ज्या हाताने आयुष्यभर संडासाला पाणी घेतलं, तो हात ताटात कसा घालायचा? मग माणूस म्हणतो भूक नाही, आणि बायको भरवायला बसते. येळ्ळूरच्या एका आजोबांनी मला खुणेने सांगितलं होतं, दार लाव. दार लावल्यावर डाव्या हातात चमचा धरून वाटीभर आमटी-भात त्यांनी स्वतः संपवला. अर्धा सदऱ्यावर सांडला, पण संपवला. तुमच्याकडेही पहिले आठ दिवस त्यांना एकट्याला जेवू द्या. खाली मांडी घालून नको. खुर्चीवर ताठ, पुढ्यात टेबल किंवा शिलाई मशीन. उजवा हात मांडीवर लोंबकळत ठेवायचा नाही, ताटाच्या कडेवर ठेवायचा, ताट धरायला. हललं नाही तरी ते त्या हाताचं काम आहे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा प्याल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि झोपवून भरवलेल्या माणसाला तो लवकर होतो.

त्या उजव्या हाताला धरून कुणीही बाबांना ओढायचं नाही. काखेत हात घालून उचलायचंही नाही. खांद्याचा सांधा स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते स्नायू सैल पडले की नुसत्या हाताच्या वजनानेही सांधा खाली उतरतो, आणि वर कुणी हिसका दिला की जे दुखणं लागतं ते महिनोन्महिने व्यायाम करू देत नाही. भावाने उजव्या बाजूला उभं राहावं आणि कमरेला धरावं. कमरेला पंचा घट्ट गुंडाळला की पकड चांगली मिळते. सदरा घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा. हातात रबरी चेंडू देऊन दाबत बसवू नका. मूठ मिटायला लवकर येते, अडतं ते उघडायला. गरम पाण्याची पिशवी तर नकोच. त्या बाजूला अनेकदा चटका कळत नाही, कातडी भाजून निघेपर्यंत पत्ता लागत नाही.

एकच व्यायाम सांगायचा झाला तर मी खुर्चीतून उठण्याचा सांगेन. प्लास्टिकची खुर्ची नको, घसरते. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, दोन्ही टाचा जमिनीवर, अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत, मग उठायचं. बहुतेक जण सरळ वर उठायला बघतात आणि मागे कोसळतात. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट घडी घातलेली घोंगडी ठेवून उंची वाढवा, जमू लागलं की घडी कमी करा. भाऊ शेजारी हवाच, पण त्याने धरायचं ते पडू लागले तरच. सकाळी पाच, दुपारी पाच, संध्याकाळी पाच, मग वाढवत न्यायचं. आणि नुसतं 'उठा-बसा' म्हणू नका, उठण्याला कारण द्या. समोर खुंटीवर टॉवेल टांगा, कॅलेंडरचं पान उलटायला सांगा. गणपतीच्या आरतीला पडवीतल्या खांबाशी उभं राहायचं, हे त्यांच्यासमोर ठरवून टाका. आरती लांबली तर खुर्ची मागे असतेच.

चालायला लागले की काठी डाव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. साधी रबरी चप्पल काढून ठेवा. पाऊल लोंबत असेल तर ती पायातून निसटते आणि माणूस तोंडावर पडतो. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. पाऊल फारच लोंबत असेल तर फिजिओ मापाचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरणारा आधार, सांगतील. संडासासाठी या पावसाळ्यापुरती कमोडची खुर्ची बेळगावात कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळते. तुमच्या व्हीलचेअरच्या पैशात असल्या पाच-पन्नास गोष्टी येतील आणि वर माणूसही ठेवता येईल. माणूस ठेवाच. भावाची बायको सकाळी डबे, दुपारी गोठा आणि रात्री सासऱ्यांची कूस बदलणं, असं किती दिवस करेल? तिचं नाव तुमच्या पत्रात एकदाही आलं नाही.

फिजिओसाठी रोज बेळगावला नेऊ नका. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, आणि गाडीत बसून आलेला माणूस दमून झोपतो. केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज बेळगावात आहे, तिथे दाखवा, पंधरा दिवसांचं काम शिकून घ्या, व्हिडिओ काढून आणा आणि घरी करा. घरी येणारा फिजिओ मिळाला तर उत्तमच. बहुधा तो हुबळी-धारवाडकडचा कानडी मुलगा असेल. बाबांना बाजारापुरतं कानडी उत्तम येत असेल, तरी वाचा अडखळलेली असताना दुसऱ्या भाषेतलं चटकन पोहोचेलच असं नाही. मुलाला पाच शब्द मराठीत शिकवा: ऊठ, बस, धर, सोड, पुढे. आमच्याकडची मुलं हौसेने शिकतात. हा सीमाप्रश्न नव्हे, दुखावलेल्या मेंदूची सोय आहे. बोलता येत नसलं तरी भजनाला त्यांना बसवा. पाणी मागायला शब्द न फुटणारी माणसं 'रामकृष्णहरी' मात्र स्पष्ट म्हणतात, हे मी अनेकदा ऐकलंय.

आतापर्यंत कुणी मिरजेला न्या म्हणालं असेल, कुणी कोल्हापूरला, आणि कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं असेल. मिरज-कोल्हापूरला डॉक्टर चांगले आहेत, गरज पडली तर जा. पारव्याला सोडा. अंगाला हलकं तेल लावायला माझी हरकत नाही, आईलाही बरं वाटतं, पण तेलाने हात हलत नाही. बीपीची गोळी मात्र 'आता नॉर्मल आहे' म्हणून कुणी बंद करायची नाही. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं बदललं तर सकाळची वाट न बघता गाडी काढायची. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ तुमचा रस्ताच खाईल.

खर्चाचं थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. तुमचं गाव त्यात आहे का ते बघून ठेवा आणि नेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं विचारा. ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे खिशातूनच, म्हणजे तुमच्या.

रडण्याबद्दल. स्ट्रोकनंतर, म्हणजे असं वारं गेल्यावर, कधी मेंदूचा लगाम सुटतो आणि माणूस क्षुल्लक गोष्टीला रडतो, कधी भलत्या वेळी हसतोही. तुमचा चेहरा दिसला की बाबांचं तसं होत असेल. अशा वेळी 'बाबा रडू नका' म्हणत तुम्हीही रडू नका. विषय बदला, भाताची लावणी कुठवर आली ते विचारा, मिनिटभरात ओसरतं. पण कॉल नसतानाही ते गप्प असतील, खाणं-झोप बिघडली असेल, व्यायामाला नको म्हणत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. स्ट्रोकच्या साधारण तीनांतल्या एकाला ते येतं. गोळ्यांनी सुधारतं, आणि ते सुधारल्याशिवाय पायही नीट सुधारत नाहीत.

तिकडे नेण्याचा विचार सध्या नको. इतका लांबचा प्रवास, नवा संडास, बोलायला कुणी नाही, आणि व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला सहसा हात लावत नाही. उलट तुम्हीच या. माणसं नेहमी आयसीयूच्या वेळी येतात, तिथे नातेवाइकाला फारसं काम नसतं. उरलेली रजा आता घ्या, दोन आठवडे मिळाले तरी चालतील, आणि संडासाच्या वाटेला दांडी बसवून घ्या. तोवर इकडे सकाळचे साडेसात म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे दहा, तेव्हा कॉल लावा. मोबाइल स्टुलावर आडवा ठेवायला सांगा, बाबा बाजूने दिसतील असा. 'आज किती पावलं चाललात' हा प्रश्न नको. उठाबशा तुम्ही मोजा, मोठ्याने, मराठीत.

पुढच्या पत्रात मला तीन मापं कळवा, भावाला टेप घेऊन मोजायला सांगा: माजघराचा उंबरठा किती इंच आहे, बाबांची खाट जमिनीपासून किती उंच आहे, आणि खाटेपासून संडासापर्यंत किती पावलं पडतात.