बारा मोठी झाडं, पाच लाखांचं कोटेशन आणि दुसरा उन्हाळा

लातूरजवळ औसा रस्त्याला वीस गुंठ्यांत घर बांधलेल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: वय ६३, जिल्हा परिषदेतून निवृत्त, पेन्शन ३८ हजार, दोघांचा घरखर्च २४ हजार. राष्ट्रीयीकृत बँकेत १६ लाखांची एफडी, ७ टक्के व्याजाची, मुदत संपायला अजून चौदा महिने. एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ४ लाख, ते मार्चमध्ये सुटतात. गावातल्या जुन्या वाड्यासमोरचा कडुलिंब रस्ता रुंदीकरणात गेला आणि नव्या घराभोवती एक झाड नाही. एका लँडस्केपवाल्याने बारा मोठी, तयार झाडं आणून लावून देण्याचं कोटेशन दिलं आहे: प्रत्येकी ४२ हजार, एकूण ५,०४,०००. मुलगा पुण्याहून म्हणतो, एफडीला हात लावू नका, मी पर्सनल लोन काढतो. गुरुजींचा प्रश्न दोन ओळींचा आहे: "एफडी मोडू की मुलाला कर्ज काढू देऊ? रोप लावून सावलीची वाट बघण्याएवढी वर्षं आता आमच्याकडे आहेत का, हे तुम्हीच सांगा."

गुरुजी, नमस्कार. तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. म्हणून आधी तेवढंच सांगतो: सावली विकत घेण्यात काही चूक नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून बांधलेल्या घरासमोर संध्याकाळी लिंबाखाली बसावंसं वाटणं ही चैन नव्हे. पण "एफडी की कर्ज" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की ५,०४,००० ही खरोखर झाडांची किंमत आहे का. ती नाही.

मोठं झाड जमिनीतून उचलताना त्याची पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं जागेवरच राहतात. आपल्याबरोबर येते ती हुंडी, म्हणजे बुंध्याखालचा मातीचा गोळा, आणि तिच्यातली उरलेली मुळं. साधा आडाखा असा की खोडाचा व्यास जितके इंच, त्याच्या दहापट हुंडी रुंद हवी. तुम्ही लिहिलंय की झाडांच्या बुंध्याचा घेर २८ इंच आहे. म्हणजे व्यास झाला नऊ इंच आणि हुंडी हवी साडेसात फुटांची. कोटेशनमध्ये हुंडी आहे चार फुटांची. त्याचं कारणही सरळ आहे. चार फूट रुंद, तीन फूट खोल हुंडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास जातं, ते हायड्रा क्रेन उचलते आणि ट्रकवर तीन-चार झाडं बसतात. साडेसात फुटांची हुंडी सहा-सात टनांच्या घरात जाईल आणि मग ४२ हजारांत काहीच बसणार नाही.

चार फुटांची हुंडी चालते, पण एकाच प्रकारच्या झाडाला: जे नर्सरीत मोठ्या ग्रो बॅगमध्ये वाढलंय किंवा ज्याची मुळं काही महिने आधी टप्प्याटप्प्याने छाटून आतल्या आत नवीन मुळं फुटू दिलीत. शेताच्या बांधावरून जेसीबीने उकरून आणलेल्या झाडाला ती चालत नाही. "माल राजमुंद्रीचा आहे" एवढंच तुम्हाला सांगितलंय. राजमुंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्या मोठ्या झाडांसाठी प्रसिद्ध आहेत, तिथून आपल्याकडे भरपूर झाडं येतात, त्यात काही वावगं नाही. फक्त ते झाड गोदावरीच्या तोंडाशी पोयट्यात आणि दमट हवेत वाढलेलं असतं. नदी आपलीच आहे, पण सातशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून ते तुमच्या काळ्या रानात, लातूरच्या मे महिन्यात उभं राहणार आहे. तेव्हा बॅगेतलं की उकरलेलं, मुळं कधी छाटली, हे लेखी विचारा. आणि झाड कुठल्या शेतातून येणार असेल तर मालकाची संमती आणि परवानगीचा कागद मागा. आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

आता पाणी, म्हणजे कोटेशनमध्ये नसलेला खर्च. एवढ्या झाडाला पावसाळ्याबाहेर आठवड्याला किमान पाचशे लिटर धरा. बारा झाडांना सहा हजार लिटर, म्हणजे दर आठवड्याला एक टँकर. तुमचं बोअर फेब्रुवारीनंतर थांबून थांबून चालतं आणि सहा हजारांचा टँकर १,२०० ला पडतो, असं तुम्हीच लिहिलंय. बोअरच्या भरवशावर न राहता पस्तीस आठवड्यांचे ४२ हजार धरू, दोन वर्षांचे ८४ हजार. खड्डे, त्यातली काळी माती काढून पोयटा आणि शेणखत भरणं, तीन बाजूंनी टेकू, हे प्रत्येकी तीन हजार धरलं तर ३६ हजार. बेरीज ६,२४,०००. चारातलं एक झाड जाईल हा मी हिशेबासाठी घेतलेला अंदाज आहे, आणि मी तो उदार समजतो. मग जगलेली झाडं नऊ आणि एका जिवंत झाडाची किंमत ६९ हजारांच्या वर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या लातूरला आली, ते दिवस तुम्ही बघितलेत. झाडांच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांतला एखादा तसा निघाला तर टँकर १,२०० ला मिळणार नाही, आणि मिळाला तरी शेजारी घागरी घेऊन उभे असताना तुमच्यासारख्या माणसाच्याने तो झाडांना ओतवणार नाही.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट पैसे कधी द्यायचे ही. कोटेशनमध्ये निम्मे आगाऊ, निम्मे लावल्यावर, आणि "पालवी फुटेपर्यंत गॅरंटी" असं आहे. हीच अट मला सगळ्यात जास्त खटकली. उचललेलं झाड खोडात साठवलेल्या अन्नावर दोन-तीन महिन्यांत हिरवंगार फुटतं. आपण खूश होतो. खाली मुळं मात्र तेवढी धरलेली नसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पानांची मागणी पुरवता पुरवता ते वाळतं.

अंबाजोगाईला एका स्नेह्यांकडे मी हे डोळ्यांनी बघितलंय. आषाढात लावलेला लिंब दिवाळीला असा फुलारला होता की त्यांनी उरलेले सगळे पैसे देऊन टाकले. वैशाखात गेलो तर हुंडीच्या कडेने गोल भेग पडली होती, माझा हात मनगटापर्यंत आत गेला. काळी माती तापल्यावर आक्रसते, हुंडीपासून सुटते, आळ्यात ओतलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं आणि हुंडी कोरडीच राहते. त्यांनी नखाने साल खरवडून दाखवली. वरच्या फांद्यांत सालीखाली तपकिरी, छातीच्या उंचीवर थोडं हिरवं. श्रावणात तेही गेलं. लावणाऱ्याला फोन केला तेव्हा पालवी फुटलेला फोटो त्याच्याकडे तयार होता.

म्हणून करारात "पालवी" हा शब्द नको, "दुसरा उन्हाळा" हवा. एकतृतीयांश झाड निवडल्यावर, एकतृतीयांश लावल्यावर आणि उरलेले दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, पहिला पाऊस पडल्यावर झाड जिवंत असेल तर. लँडस्केपवाला थोडी कुरकुर करेल, चौथ्या हिश्श्यावर येईल. तेवढ्यावरही मान्य करा. पण त्याचे काहीच पैसे अडकणार नसतील तर झाडाची काळजी फक्त तुम्हालाच राहील.

आता पैसा कुठून आणायचा. मुलाचं कर्ज नको. तेरा टक्क्यांनी पाच लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ११,३७५ च्या आसपास आणि फेड ६,८२,५०० ची. पोरगा प्रेमाने म्हणतोय, पण त्याचं स्वतःचं घर व्हायचंय असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय काही झाडं मेली तरी हप्ता चालूच राहील, आणि दर महिन्याला ते वाळकं खोड दोघांच्या मनात सलेल.

एफडीतले सहा लाख काढले तर वर्षाचं ४२ हजार व्याज जातं, महिन्याचे साडेतीन हजार. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. पण माझी खरी हरकत व्याजाची नाही. काकूंना मधुमेह आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली आहे, खर्चाचा अंदाज अडीच लाखांचा आहे आणि दोघांचाही आरोग्य विमा नाही, हे तुम्ही पत्राच्या मध्येच एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ती एफडी तुमचा दवाखाना आहे, गुरुजी. तिला कुठल्याच झाडासाठी हात लावू नका.

आणि ते पतसंस्थेतले चार लाख. तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही, तरी मला बोललंच पाहिजे. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला, ती मल्टिस्टेट असो की गावातली, हे संरक्षण लागू नाही. माझ्या आत्याचे पैसे अशाच एका संस्थेत अडकले. व्याज जास्त होतं, शाखेतला माणूस ओळखीचा होता, दर महिन्याला व्याज वेळेवर यायचं. एका सोमवारी शटर उघडलं नाही. ती आजही पावत्यांची पिशवी घेऊन तारखांना जाते. तुमची संस्था चांगली असेलही. पण निवृत्तीच्या वयात विम्याबाहेरची रक्कम जितकी कमी तितकी बरी. मार्चमध्ये सुटले की पुन्हा ठेवू नका, कोणी अर्धा टक्का जास्त देऊ केला तरी. त्यातले तीन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, तिमाहीला व्याज मिळतं, मर्यादा ३० लाखांची आहे.

उरलेला एक लाख झाडांना.

म्हणजे माझं उत्तर "घेऊ नका" असं नाही. बाराऐवजी तीन घ्या. तुम्हाला सावली हवी आहे ती ओट्यावर, पश्चिमेच्या उन्हाची. तिथे दोन लिंब आणि एक करंज पुरतात. झाडं कमी म्हटल्यावर क्रेन आणि भाडं अंगावर येईल, म्हणून ४२ चे ५० हजार धरतो: दीड लाख. खड्ड्यांचे नऊ हजार. महिन्याला एक टँकर, दोन वर्षांचे २१-२२ हजार. बाकी जागेत पाच-सहा फुटी पिशवीतली पंधरा रोपं, चारशेच्या भावाने सहा हजार, आणि ठिबकला बारा हजार. सगळं मिळून दोन लाखांच्या आत. आज डिसेंबर सुरू आहे. महिन्याला तुमचे १४ हजार उरतात, जूनपर्यंत सात महिन्यांचे ९८ हजार होतात. त्यात पतसंस्थेतला एक लाख मिळवला की ना एफडी, ना कर्ज.

जूनपर्यंत थांबणं झाडाच्याही हिताचं आहे. झाड आत्ता निवडलं तर नर्सरीवाल्याला जानेवारीत अर्ध्या गोलाला चर मारून मुळं छाटता येतात, मार्चमध्ये उरलेल्या अर्ध्याला, आणि मृगाच्या पावसावर हुंडी बांधता येते. मग चार फुटांच्या हुंडीतही नवी मुळं असतील. उचलताना पट्टा खोडाला नको, हुंडीला हवा. खोडाला घालायचाच झाला तर खाली गोणपाटाचे चार थर. साल सोलली की झाड गेलं.

आणि ती पंधरा रोपं कमी लेखू नका. उचलून आणलेलं मोठं झाड पहिली काही वर्षं फक्त मुळं सावरत राहतं, उंचीला जवळजवळ वाढतच नाही. ठिबकवरचा लहान लिंब तीन-चार वर्षांत पंधरा फुटांपर्यंत जातो. तेव्हा तुम्ही सदुसष्ट वर्षांचे असाल. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईने उजाड माळावर उभं केलेलं रान सवड काढून काकूंबरोबर बघून या, म्हणजे वर्षांचा अंदाज डोळ्यांनीच येईल. वड हवा असेल तर त्याला पैसे घालूच नका. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी पावसाळ्याच्या तोंडी घरापासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात रोवा. वड आणि उंबर असे धरतात. एक नाही धरली तर दुसरी लावायची.

एक काम मात्र लँडस्केपवाल्यावर सोडू नका. चैत्र संपता संपता दुपारी चार वाजता ओट्यावर दोन खुर्च्या टाका आणि काकूंना रोज जिथे बसतात तिथेच बसवा. ऊन कुठून डोळ्यांवर येतं ते बघा आणि त्या रेषेत, ओट्यापासून पंधरा-वीस फुटांवर खुंटी ठोका. पहिला लिंब तिथे. उरलेल्या दोन खुंट्या काकूंना ठरवू द्या. कोटेशन सुधारून आलं की सही करण्याआधी मला पाठवा, पैसे देण्याच्या अटी मी वाचून देईन.