सप्टेंबरात अंडी घटली, म्हणून सापळे काढायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टायगर डासासाठी लावलेल्या ओव्हिट्रॅपमध्ये (पाण्याचं भांडं आणि त्यात मादीने अंडी घालावीत म्हणून ठेवलेली खडबडीत पट्टी) ऑगस्टात पट्टी काळी दिसावी इतकी अंडी मिळत होती, सप्टेंबर सरताना ती मोजकीच उरली. आता सापळे काढावेत का, आणि भांडी रिकामी करण्याची मोहीम थांबवावी का? सापळे अजून राहू द्या. मोहीम तर मुळीच थांबवू नका, कारण वर्षातली सर्वांत महत्त्वाची अंडी तुम्ही आत्ता मोजत आहात.

हा डास, एडिस अल्बोपिक्टस, मूळचा आग्नेय आशियातला, झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढणारा. वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून त्याची अंडी समुद्रापार गेली. १९७९ मध्ये तो अल्बानियात सापडला, १९८५ मध्ये टेक्सासात, १९९० मध्ये इटलीत जेनोआला. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर खडबडीत पृष्ठभागावर एकेक करून चिकटवते. नीट पक्व झालेलं अंडं सुकलं तरी कित्येक महिने तग धरतं आणि पाणी वर चढून ते बुडलं की फुटतं. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही दुसऱ्या, तिसऱ्या भिजण्याची वाट पाहतात.

समशीतोष्ण भागात, म्हणजे तुमच्याकडे, वर्षाचा आलेख साधारण ठरलेला असतो: एप्रिल-मेमध्ये सुरुवात, जुलै-ऑगस्टात शिखर, सप्टेंबरात उतार, नोव्हेंबरात जवळपास शून्य. शिखराचं कारण सरळ आहे. उष्णता वाढली की अळीचा डास लवकर होतो, रक्त प्यायल्यावर मादीची अंडीही लवकर तयार होतात आणि पिढ्या एकमेकींवर चढत जातात. २००७ मध्ये इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात याच डासामुळे चिकुनगुनियाचे दोनशेहून जास्त रुग्ण झाले, ते याच जुलै ते सप्टेंबरच्या काळात.

उताराकडे मात्र नीट पाहावं लागतं. दिवस साधारण १३-१४ तासांपेक्षा लहान होऊ लागला (नेमका आकडा अक्षांशानुसार बदलतो) की मादीला तो बदल जाणवतो, कोषात असतानाही आणि पंख फुटल्यावरही. हवा अजून उबदार असते, पण ती आता वेगळी अंडी घालू लागते. त्यांत अळी पूर्ण तयार होते आणि आतच झोपून राहते. हाच डायपॉज. ही अंडी थोडी मोठी असतात, त्यांत चरबीचा साठा जास्त असतो, आणि ती पाण्यात बुडवली तरी लगेच फुटत नाहीत. निर्णय आईचा, झोप पिल्लाची! इतकी वर्षं अंडी मोजूनही मला याचं नवल वाटतं. उष्ण कटिबंधातल्या याच डासात हा गुण जवळजवळ दिसत नाही, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या त्याच्या भाऊबंद एडिस इजिप्टायमध्ये दिवसाच्या लांबीवर चालणारा असा डायपॉज नाही. म्हणूनच थंडीच्या प्रदेशात अल्बोपिक्टस टिकून राहतो.

म्हणजे ऑगस्टातल्या शेकडो अंड्यांपैकी बरीचशी त्याच मोसमात फुटून जातात, पण सप्टेंबरातली मोजकी अंडी पुढच्या वर्षाचं बियाणं असतात. खात्री करायची असेल तर पट्टीवरची अंडी आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग दोन-तीनदा पाण्यात बुडवा. जी फुटणार नाहीत त्यांचं कवच ब्लीचने पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आत अळीच्या डोळ्यांचे ठिपके दिसले तर अंडं मेलेलं नाही, झोपलेलं आहे.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. ओव्हिट्रॅप डास मोजत नाही, अंडी घालणं मोजतो. मोठा पाऊस होऊन आसपास शंभर डबकी झाली की मादीला तुमच्या सापळ्याची गरज राहत नाही. एरवीही ती एका खेपेची अंडी अनेक भांड्यांत वाटून घालते. त्यामुळे डास वाढूनही आकडा पडू शकतो. उलट कडक कोरड्या उन्हात पडलेला आकडा खराही असतो. म्हणून एका सापळ्यावर विसंबू नका. किती टक्के सापळ्यांत अंडी सापडली आणि अशा प्रत्येक सापळ्यात सरासरी किती, हे दोन्ही वेगळे लिहा. एखाद्याच सापळ्यात प्रचंड अंडी आली तर नुसती सरासरी दिशाभूल करते, सोबत मध्यक काढा. आणि गरमीत पट्टी आठवड्याच्या आत बदला, नाहीतर सापळाच डास जन्माला घालतो.

शरद ऋतूत भांडी नुसती उपडी करून भागत नाही. पाणी जातं, आतल्या बाजूला चिकटलेली अंडी तशीच राहतात. कडक ब्रशने आतून घासा, पाण्याच्या रेषेवरचा भाग तर जोर लावून, आणि घासलेलं पाणी गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओता. कुंड्यांखालच्या बशा, पिंपं, टायर, छताच्या पन्हळी, सगळं याच पद्धतीने. एका दुपारचं काम आहे, पण ते आत्ता झालं पाहिजे.

सापळे सलग दोन-तीन फेऱ्या कोरे निघाले की काढा. वसंतात दिवस सुमारे ११ तासांच्या पुढे गेला आणि सरासरी तापमान १० अंशांवर स्थिरावलं की झोपलेली अंडी फुटू लागतात. पट्टीवर पहिलं अंडं दिसायला त्यानंतर काही आठवडे जातात, तेव्हा सापळे त्याआधीच जागेवर हवेत, शक्यतो यंदाच्याच जागी.